नवस फिटतो, ऋण फिटत नाही

माघ-फाल्गुनात वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचे उत्सव एकामागून एक सुरू होतात. परंपरा अशी की, १६५९ साली अफझलखानाचा तळ वाईस पडला असता शेंडेशास्त्री यांनी कृष्णामाईला नवस केला : शिवाजी महाराजांवरील संकट टळू दे, तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी ते संकट टळले. वास्तविक एका उत्सवाने नवस फिटला असता. साडेतीन शतके उलटली तरी वाईकर तो फेडीतच आहेत.

नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, असा सुशिक्षितांचा आक्षेप असतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु सौद्याचे लक्षण हे की, देणेघेणे पुरे होताच संबंध संपतो. येथे ज्यांनी नवस बोलला नाही, ज्यांना त्या संकटाची झळही लागली नाही, अशा पिढ्यान् पिढ्या ते देणे आपले मानीत आल्या. सावकाराचा तगादा नसताना मान्य केलेले देणे, यालाच कृतज्ञता म्हणतात. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या कल्पनांचे मर्मही हेच आहे.

ईश्वरावरील विश्वासाचेही असेच. शास्त्रीबोवांनी नदीला साकडे घातले, म्हणून महाराज स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी भेटीची जागा स्वतः निवडली, जावळीच्या रानात फौज दडविली, अंगात चिलखत घातले. श्रद्धेने माणसाची भीती जावी, कर्तव्य जाऊ नये.

या कसोटीवर आज आपण कोठे उभे आहोत? हीच कृष्णा पुढे सांगलीस येते. तेथे आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून माणसे दगावली. अशा वेळी ‘कृष्णामाई कोपली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अतिवृष्टी झाली हे खरेच; पण पूररेषेच्या आत घरे आणि दुकाने बांधली कोणी? त्यांकडे काणाडोळा केला कोणी? शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत मिसळते, हा प्रश्न सांगलीत वर्षानुवर्षे गाजतो आहे. एका हाताने नदीची ओटी भरावयाची आणि दुसऱ्या हाताने तिच्यात घाण लोटावयाची, याला भक्ती कसे म्हणावे? देवांनी दिलेले भोगून त्यांना काहीच परत न देणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे.

उत्सव बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. उलट, त्याचा अर्थ वाढवावयास हवा. उत्सवाच्या वर्गणीतील काही वाटा घाटाच्या स्वच्छतेसाठी बाजूस पडावा. आपल्या गावचे किती सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते, याचा हिशेब नागरिकांनी नगरपालिकेकडे दरवर्षी मागावा. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना पूररेषा नकाशावर दाखविली जावी. शेंडेशास्त्रींच्या पिढीने नदीकडे मागितले, ते तिने दिले अशी वाईकरांची श्रद्धा आहे. आता मागण्याची पाळी नदीची आहे, आणि ती फार काही मागत नाही : तिचे पात्र तिला राहू द्यावे, तिचे पाणी निर्मळ असावे, एवढेच.