पांढरी भुकटी म्हणजे चुना नव्हे



भातकापणी उरकत आली. आता भुईमूग, कुळीथ, चवळी, भाजीपाला. याच दिवसांत "जमिनीला चुना" म्हणून स्वस्त दगडपावडरीची चौकशी सुरू होते. बऱ्याच जणांनी विचारलं, "आपल्याकडचाच दगड दळून टाकला तर?" प्रश्न चांगला आहे. पण *दगड जवळचा आहे म्हणून घेऊ नका, त्याची ताकद बघून घ्या*, असं माझं मत आहे.

कोकणच्या धो-धो पावसात जमिनीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. मग सामू साडेपाचच्या आसपास किंवा खाली येतो. स्फुरद लोह-ॲल्युमिनियममध्ये अडकतं, खत टाकूनही पिकाला मिळत नाही. चुना ही आम्लता मारतो. पण ते काम कार्बोनेटवाल्या दगडाचं. आपल्याकडे काय आहे ते बघा:

*जांभा (चिऱ्याचा चुरा):* लोह आणि ॲल्युमिनियमचाच दगड. चुना म्हणून उपयोग नाही.
*काळ्या दगडाची क्रशर पावडर:* हळूहळू झिजते. या हंगामात सामू वाढवेल ही आशा नको.
*शाडू, पांढरी वाळू:* रंग पांढरा, ताकद शून्य.
*जिप्सम:* कॅल्शियम आणि गंधक देतं, सामू वाढवत नाही.
*शिंपले:* जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या किनाऱ्यावरचा खरा स्थानिक चुना हाच. रिकामेच घ्या, पावसात धुतलेले घ्या आणि बारीक दळा.

*घरची परीक्षा:* कोरडी भुकटी चमचाभर ग्लासात घ्या, वर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता. फसफसली तर कार्बोनेट आहे. डोलोमाइट सावकाश फसफसतो, म्हणून पाच मिनिटं थांबा. अजिबात बुडबुडा नाही तर ती पावडर परत पाठवा. ही परीक्षा फक्त कच्च्या दगडाची आणि शिंपल्यांची. कळीचा चुना किंवा फक्की फसफसत नाही, तरी ती ताकदीने जास्तच असते. ती हाताला, डोळ्यांना भाजते, जपून वापरा.

मात्र फसफसणं फक्त "आहे की नाही" सांगतं, "किती आहे" ते नाही. अर्धी वाळू मिसळलेली भुकटीही फसफसते. त्यासाठी प्रयोगशाळेतून आम्लता मारण्याची क्षमता काढून घ्यावी लागते. शुद्ध चुनखडक १०० धरला, तर शुद्ध डोलोमाइट साधारण १०८, फक्की १३५ आणि कळीचा चुना १७८ च्या आसपास.

आता हिशेब करा. समजा एक पावडर टनाला ३,००० रुपये, क्षमता ६०. दुसरी ४,००० रुपये, क्षमता ९५. पहिलीचा खरा दर पडतो ५,००० आणि दुसरीचा सुमारे ४,२१०. म्हणजे स्वस्त दिसते तीच महाग. वणी किंवा बागलकोटकडून माल आणला तर वर घाटातून उतरण्याचं भाडं. क्षमता कमी असेल तर आपण वाळूचं भाडं भरतो.

*बारीकपणाही तेवढाच महत्त्वाचा.* दोन मिलिमीटरपेक्षा जाड खडा या वर्षी जवळपास काहीच काम करत नाही. पीठ चाळायच्या चाळणीतून जाते तीच पावडर लवकर लागू पडते. क्षमता ९० असली आणि निम्मा माल खडीसारखा असला, तर हातात ४५ च उरते.

आणि सगळीकडे चुना टाकायची गरजही नाही. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की काही आठवड्यांत सामू आपोआप वर सरकतो. काजूला थोडी आम्लता चालते. पैसा थोडा असेल तर तो भुईमूग, कडधान्य आणि भाजीपाल्यावर लावा. तिथेही माती परीक्षणात *चुन्याची गरज* काढून घ्या. नुसत्या सामूवरून मात्रा ठरत नाही, भारी जमिनीला जास्त लागतो. जमीन आम्ल निघाली आणि पूर्ण मात्रा परवडत नसेल, तर बारीक चुना सरीत हेक्टरी २ ते ४ क्विंटल, म्हणजे गुंठ्याला २ ते ४ किलो, मातीत मिसळून द्या. युरिया किंवा ताज्या शेणासोबत एकत्र टाकू नका, नत्र उडून जातं. जादा चुन्याने जस्त आणि बोरॉनची कमतरता येते, म्हणून "थोडा जास्तच टाकू" नको.

कोणी म्हणेल, तपासणीला वेळ आणि पैसा लागतो. लागतो. पण एका ट्रकचा एक नमुना, तो खर्च ट्रक घेणाऱ्या सगळ्यांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो. पावडर फसली तर खतही वाया आणि हंगामही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. *क्षमता आणि बारीकपणा या दोन्हींचा अहवाल हातात आल्याशिवाय कंपनीने एक गोणही एकत्र खरेदी करू नये.* येत्या बैठकीत संचालकांना हा अहवाल मागा. कंपनी तुमची आहे, विचारायचा हक्क तुमचा आहे.

तोवर कोणी पावडर आणून दिली, तर आधी ग्लास आणि लिंबू काढा.

– आपला कृषी सल्लागार