पहिली नोव्हेंबर कुणाच्या सोयीची?

भंडारा जिल्ह्यात नोव्हेंबर उजाडतो तेव्हा घरोघरी धानाची कापणी आणि मळणी सुरू असते. दिवाळीच्या सुट्टीमुळे कनिष्ठ महाविद्यालयांची कार्यालये बंद असतात. शेतकऱ्याचा माल अजून खरेदी केंद्रावर मोजायचा असतो, म्हणजे हातात पैसाही आलेला नसतो. नेमक्या याच दिवसांत, १ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित महाविद्यालयांची पदवी प्रवेशासाठी लवकर अर्ज करण्याची मुदत संपते. काहींची १५ नोव्हेंबरला. या अर्जांचे निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतात. बाकीच्यांना जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करता येतो आणि त्यांना मार्चअखेरपर्यंत वाट पाहावी लागते.

दोन महिन्यांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. तुमसर, पवनी किंवा लाखांदूरच्या बारावीतल्या मुलीसाठी मात्र गुणवत्तेच्या आधी लागणारी चाळणी हीच आहे. अमेरिकेच्या लेखी ती परदेशात राहणारी अर्जदार असते आणि लवकर अर्जाचा फायदा बहुधा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

लवकर अर्जाचे दोन ठळक प्रकार आहेत. 'अर्ली डिसिजन' बंधनकारक असतो. तो एकाच महाविद्यालयाला करता येतो, त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात आणि प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. 'अर्ली अ‍ॅक्शन'मध्ये निकाल लवकर कळतो, पण जायचे की नाही हे ठरवायला मे महिन्यापर्यंत सवड असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांनी मधली वाट काढली आहे. तिथे प्रवेश घेण्याची सक्ती नाही, पण काही अपवाद सोडले तर दुसऱ्या खासगी विद्यापीठात त्याच वेळी लवकर अर्ज करता येत नाही. इंग्लंडचा हिशेब आणखी कडक आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी १५ ऑक्टोबर ही सर्वांसाठी एकच मुदत असते.

लवकर अर्जाचे आकर्षण आकड्यांत आहे. ब्राउन विद्यापीठाने २०२५ च्या प्रवेशासाठी लवकर अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांना घेतले. सगळे अर्जदार एकत्र धरले तर हे प्रमाण सहा टक्क्यांच्याही खाली जाते. सल्लागार कंपन्या हाच आकडा पालकांपुढे ठेवतात. त्यामागची गोष्ट त्या सहसा सांगत नाहीत. लवकर अर्ज करणाऱ्यांत महाविद्यालयाने आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात आणि महागड्या शाळांतून वर्षानुवर्षे तयारी करून आलेली मुलेही असतात. परदेशी अर्जदाराला, त्यातही आर्थिक मदत मागणाऱ्याला, तो १८ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

तरीही फायदा खरा आहे. २००३ साली ख्रिस्तोफर अ‍ॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. लवकर अर्ज करणे हे सॅट परीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळवण्याइतके उपयोगी पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीत सधन घरांतल्या मुलांचे फावते, हे हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ साली उघडपणे मान्य केले आणि लवकर प्रवेश बंद केले. पण स्पर्धक विद्यापीठे त्यांच्यामागे गेली नाहीत. शेवटी २०११ साली दोघांनीही ती खिडकी पुन्हा उघडली. ऑगस्ट २०२५ मध्ये बंधनकारक लवकर प्रवेशाविरुद्ध ३२ महाविद्यालयांवर अमेरिकेच्या न्यायालयात दावा दाखल झाला. एकदा विद्यार्थी बांधला गेला की शुल्कात घासाघीस करायला त्याच्या हाती काही उरत नाही, असा दावा करणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे ही तक्रार अमेरिकेतले मध्यमवर्गीयही करतात. भंडाऱ्याच्या मुलांची अडचण त्याच्याही आधी सुरू होते.

१ नोव्हेंबरला हाताशी काय काय लागते ते पाहावे. नववीपासूनच्या गुणपत्रिका, दोन शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेची माहिती देणारा अहवाल, समुपदेशकाचे पत्र, बारावीच्या अपेक्षित गुणांचा अंदाज, निबंध, इंग्रजीची परीक्षा आणि जिथे सक्ती आहे तिथे सॅट. एमआयटीने २०२२ मध्ये सॅटची अट परत आणली. २०२४ मध्ये येल, डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डनेही कुठली ना कुठली प्रमाणित परीक्षा पुन्हा आवश्यक केली. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक हे पद बहुधा नसतेच. ते काम प्राचार्यांकडे येते आणि प्राचार्यांनी हे अर्ज ज्यावर भरतात ते कॉमन अ‍ॅपचे पोर्टल कधी उघडून पाहिलेले नसते. अपेक्षित गुण लिहून द्या म्हटले की ते बिचकतात, कारण मंडळाचा निकाल मे महिन्यात लागण्याआधी गुणांबद्दल काही लिहून देण्याची आपल्याकडे रीतच नाही. मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांत मात्र याच कामासाठी पगारी माणसे नेमलेली असतात आणि तिथली मुले अकरावीतच निबंधाचा पहिला खर्डा लिहितात.

पैशाची कागदपत्रे हा तर वेगळाच डोंगर. आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये पालकांचे आयकर विवरणपत्र मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे निव्वळ धानावर जगणाऱ्या कुटुंबाकडे विवरणपत्र नसते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बँकेचे खातेपुस्तक आणि या सगळ्याचे इंग्रजी भाषांतर असा संच जुळवावा लागतो. दिवाळीच्या आठवड्यात हे होत नाही. जुलै-ऑगस्टमध्येच हाती घेतले तर होते.

मग या मुलांनी लवकर अर्ज करूच नये का? करावा, पण कुठे करायचा हे नीट ठरवून. अमेरिकेतल्या अशा महाविद्यालयात वर्षाचा एकूण खर्च नव्वद हजार डॉलरच्या घरात गेला आहे, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या वर. पदवीच्या पातळीवर ही रक्कम देणारी मोठी सरकारी योजना आपल्याकडे नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. त्यामुळे बारावीनंतर जाणाऱ्या गरीब मुलाला पैसा मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्या महाविद्यालयाची स्वतःची मदत.

इथे महाविद्यालयांचे दोन गट पडतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन ही परदेशी अर्जदाराचा प्रवेश ठरवताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश दिला तर त्याची सगळी गरज भागवतात. बाकीची बहुसंख्य महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याने किती मदत मागितली हे बघूनच निर्णय घेतात. पहिल्या गटात लवकर अर्ज करायला हरकत नाही. दुसऱ्या गटात बंधनकारक अर्ज करण्याआधी त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या कुटुंबाला किती पडेल याचा अंदाज काढावा, आर्थिक मदत कार्यालयाला पत्र लिहावे आणि उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये. मिळालेली मदत अपुरी पडली तर बंधनातून सुटता येते, हे खरे. पण पुरेशी म्हणजे किती, याचा हिशेब आधी महाविद्यालयच मांडते आणि तो चुकला हे दाखवण्याची जबाबदारी कुटुंबावर येते.

आधी प्रवेश आणि मग पैसा, हा क्रम इतिहासात नेहमीच नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या वर्षीच्या जूनमध्ये करार झाला, त्यानंतर बोट आणि मग कोलंबिया विद्यापीठ. आधी पैसा आणि मग प्रवेश असा तो क्रम होता. पुढे १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करायला निघताना त्यांना राजर्षी शाहू महाराजांनीही हात दिला. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडारा लोकसभा मतदारसंघातून उभे होते. त्यांचा पराभव झाला, पण त्यामुळे या जिल्ह्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. आनंदीबाई जोशींचे उदाहरण त्याहून जुने. त्या जून १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्या, तिथूनच पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज लिहिला आणि त्याच वर्षीच्या सत्रात दाखल झाल्या. आज जूनमध्ये अर्ज करून त्याच सत्रात या महाविद्यालयांत शिरण्याचा विचारही कुणी करू शकत नाही.

आज शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत क्रम उलटा आहे. आधी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र आणा, मग शिष्यवृत्तीचा अर्ज करा. जाहिरात उन्हाळ्यात किंवा त्यानंतर निघते आणि निवड यादी विद्यापीठाचे सत्र तोंडावर आले असताना लागते. तोवर वसतिगृहाची अनामत भरायची मुदत उलटलेली असते आणि व्हिसाची तारीख मिळत नाही. केंद्राच्या योजनेत तर २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असे सांगण्यात आले. निवड झाल्यावरही पैशाची खात्री नसेल तर मजुराच्या मुलाने कुठल्या बळावर प्रवेश निश्चित करायचा?

उशिराची किंमत २०२५ च्या उन्हाळ्यात आणखी एका बाजूने दिसली. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती ठरवणे थांबवले आणि ते जूनच्या मध्यानंतर पुन्हा सुरू केले. ज्यांचे प्रवेश डिसेंबरमध्ये झाले होते, त्यांना कागदपत्रे आधी तयार करून मुलाखतीची वेळ घेण्याची संधी मिळाली होती. उरलेल्यांची मुंबईच्या वाणिज्य दूतावासातल्या तारखांसाठी धावपळ झाली. लवकर अर्जाचा हा फायदा कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही, पण भंडाऱ्याहून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला तो चांगला कळतो.

लवकर अर्जाची ही पद्धत आता भारतातही आली आहे. अशोका विद्यापीठ टप्प्याटप्प्याने प्रवेश देते. अझीम प्रेमजी विद्यापीठ गेली काही वर्षे पदवीसाठी लवकर प्रवेशाची वेगळी फेरी घेते आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना शुल्क आणि राहण्याच्या खर्चात मोठी सवलत देते. त्यांचे भोपाळचे आवार नागपूरहून रेल्वेने एका रात्रीच्या आत गाठता येते. अमेरिकेचा अर्ज करू इच्छिणाऱ्या मुलाने हाही अर्ज जरूर करावा. निबंध, शिफारसपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा अशी बरीचशी तयारी दोन्हीकडे उपयोगी पडते.

यात कुणी काय करायचे, हे अवघड नाही. जिल्ह्यात सात तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाला या अर्जांचे प्रशिक्षण द्यावे आणि आजूबाजूच्या महाविद्यालयांतली मुले त्याच्याकडे पाठवावीत. अहवाल कसा भरायचा, अपेक्षित गुण कशाच्या आधारे लिहायचे, शिफारसपत्रात काय असावे, हे शिकायला दोन दिवसांचे शिबिर पुरेसे आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काढावी, पात्र विद्यार्थ्यांना डिसेंबरपर्यंत सशर्त मंजुरी द्यावी आणि प्रवेशपत्र हाती आले की ती पक्की करावी. याला नवा निधी लागत नाही, फक्त तारखा हलवाव्या लागतात. आणि याच योजनेत पदवीच्या मोजक्या जागा का असू नयेत, हा प्रश्न जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात विचारायला हवा.

पालकांनीही वाट पाहत बसू नये. मूल अकरावीत असेल तर यंदाच्या धानाची रोवणी आटोपली की तहसील कार्यालयात जाऊन उत्पन्नाचा दाखला काढावा, नववी-दहावीच्या गुणपत्रिका हाताशी ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षी शिफारसपत्र कोण लिहील, हे शाळेत विचारून घ्यावे. बंधनकारक अर्जावर सही करण्याची वेळ आलीच, तर खर्चाचा आकडा लेखी हातात असल्याशिवाय पेन उचलू नये.