बेडूकडोळी स्प्राइट आणि घरचा पाना

ऑस्टिन-हीली स्प्राइटचं बॉनेट उचललं की गाडीचा पुढचा सगळा भागच वर येतो. मडगार्ड, दिवे, जाळी, सगळं एकसंध. खाली इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन उघडं पडतं आणि हात कुठूनही पोचतो. १९५८च्या मे महिन्यात माँटे कार्लोत ही दोन आसनांची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार जगासमोर आली, तेव्हा तिला बाहेरून दाराचे हँडल नव्हते आणि डिकीला झाकण नव्हतं. सामान ठेवायचं तर आसनाची पाठ पुढे वाकवून आत शिरायचं. पुढचे दिवे मिटणारे करायचा डिझायनरचा विचार होता. खर्च वाढतो म्हणून ते कायमचे उघडे राहिले आणि इंग्लंडने गाडीला ‘फ्रॉगआय’, म्हणजे बेडूकडोळी, हे लाडाचं नाव दिलं.

ही गाडी घडवणाऱ्या डोनाल्ड हीली यांना ती स्वस्त हवी होती, म्हणून त्यांनी ऑस्टिन आणि मॉरिसच्या घरगुती मोटारींचेच भाग उचलले. ९४८ सीसीचं इंजिन ऑस्टिन ए३५चं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. दोन कार्बोरेटर बसवून ताकद ४३ अश्वशक्तीपर्यंत नेली. त्यामुळे स्प्राइटचं इंजिन बिघडलं तरी सुटा भाग गावातल्या साध्या गॅरेजात मिळे. या गाडीचं खरं मोठेपण तिच्या वेगात नव्हतं, या सोयीत होतं. घेणारा बहुधा तरुण, खिसा हलका. कामं मेकॅनिककडे सोपवणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं, आणि गाडी उघडून बघायची हौस तर होतीच.

या हौसेला पुस्तकाचा आधार दिला जॉन हेन्स यांनी. त्यांचा जन्म १९३८चा, श्रीलंकेतला. वडील चहाच्या मळ्यावर व्यवस्थापक होते. शाळेत असतानाच त्यांनी ऑस्टिन सेव्हन या जुन्या छोट्या मोटारीचा सांगाडा घेऊन आपली स्पोर्ट्‌स कार बांधली. ती कशी बांधली याची छोटी पुस्तिका १९५६ साली काढली, तर २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे ते हवाई दलात गेले आणि साठच्या दशकाच्या मध्यावर एडनच्या तळावर होते. तिथे एका सहकाऱ्याने खिळखिळी झालेली बेडूकडोळी विकत घेतली. कंपनीचं मॅन्युअल होतं, पण ते प्रशिक्षित कारागिरासाठी लिहिलेलं. सामान्य मालकाला त्यातून वाट सापडेना. मग हेन्स यांनी कॅमेरा घेतला, इंजिन सुटं केलं, पुन्हा जोडलं आणि एकेका पायरीचा फोटो काढला.

त्यातून १९६६ साली स्प्राइटचं पहिलं ‘ओनर्स वर्कशॉप मॅन्युअल’ आलं. पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. गाडी खरोखर उघडून, जोडून, मगच लिहायचं, हा पुढच्या हेन्स मॅन्युअलच्या मालिकेचा नियम ठरला. लिहिणाऱ्याचे हात आधी काळे झालेले असल्यामुळेच वाचणाऱ्याचा त्या पानांवर विश्वास बसला.

घरच्या कामात टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, सगळ्यात आधी शिकायचं. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये बारा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे बारा भाग, इतकी फट हवी. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर इंजिन टकटक वाजतं. कोणता व्हॉल्व्ह कधी तपासायचा याला नवाचा नियम आहे: आठवा पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सातवा उघडला की दुसरा, दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. नट सैल करायचा, फटीत फिलर गेजची पाती सरकवायची, ती किंचित घासत सरकली की नट आवळायचा. आपल्या अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन याच ब्रिटिश घराण्यातलं, स्प्राइटच्या इंजिनाचा थोरला भाऊ. नवाचा हिशेब तिथेही चालतो.

दोन कार्बोरेटर जुळवायचे तर कान लागतो. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत ओढली जाताना होणारी सुसकारी दोन्हीकडे सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. मग प्लग काढून पाहायचा. टोकाशी फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण बरोबर, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर कमी. तंबोरा लावणाऱ्याला हा कानाने जुळवण्याचा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

देखभाल हाताशी आली की बदलाची ओढ लागते. पुढच्या काळातल्या स्प्राइटना याच घराण्यातलं १२७५ सीसीचं इंजिन मिळालं. ते बेडूकडोळीत बसतं, म्हणून अनेकांनी बसवलं. पण मूळ गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक होते. जाणता मालक आधी नंतरच्या स्प्राइटचे पुढचे डिस्क ब्रेक आणून लावतो, मगच ताकद वाढवतो. क्रम हाच हवा. उलट करणारा माणूस स्वतःच्याच नव्हे, रस्त्यावरच्या इतरांच्याही जिवाशी खेळतो.

घरच्या गॅरेजातून कुठवर जाता येतं याचे दाखले लहान नाहीत. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात ऑस्टिन सेव्हनची स्पर्धेची गाडी केली. तीच त्यांच्या लोटस कंपनीची पहिली मोटार. न्यूझीलंडचे शर्यतपटू ब्रूस मॅक्लॅरेन यांची पहिली शर्यतीची गाडीही ऑस्टिन सेव्हनच, वडिलांच्या सर्व्हिस स्टेशनवर दुरुस्त केलेली. पुढे १९५७ साली चॅपमन यांनी लोटस सेव्हन आणली. ती सुट्या भागांत घेतली तर खरेदी कर वाचे आणि गाडी घरी जोडता येई.

भारतात ही वाट अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर आणि बाहेर आलेली रुंद चाकं आठवली की या कडकपणाचं कारण कळतं. पण घरी जबाबदारीने केलेल्या कामालाही त्यात जागा उरत नाही, हे खटकतं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली मोटार सरकारी निरीक्षकापुढे नेतात. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, धारदार कडा, सगळं तपासलं जातं आणि पास झाली तर नंबर मिळतो. अशी तपासणी इथेही उभी करता येईल. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना आणि वर्कशॉपवाल्यांना तिचा मोठा उपयोग होईल.

ब्रिटनमध्येही काळ बदललाच. गाड्यांत संगणक आले, इंजिनावर प्लास्टिकची झाकणं आली. हेन्स २०१९ साली गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीने नव्या गाड्यांची छापील मॅन्युअल थांबवण्याचं जाहीर केलं.

हेन्स यांच्याच प्रकाशनाने त्याआधी, १९९६ साली, एका शाळामास्तरांचं पुस्तक काढलं होतं. रॉन चॅम्पियन यांनी त्यात २५० पौंडांत आपली स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी हे सांगितलं: एक इंची चौकोनी नळ्या कापून, वेल्डिंग करून चौकट करायची आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल तिच्यात बसवायचा. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ नाव पडलं. पुढे त्यांच्या शर्यतीही सुरू झाल्या. त्या भरवणारा ७५० मोटर क्लब १९३९ साली ऑस्टिन सेव्हनच्या मालकांनी स्थापन केला होता.