हळदीचा पिवळा आणि वरून लावलेला पिवळा

भगिनींनो, काहिलीत हळद शिजवणे, पटांगणात वाळवणे, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करणे, ही कामे सांगलीकडच्या नाहीतर वसमतकडच्या बायकांना शिकवायला नकोत. पण ज्यांच्या रानात हळद नाही त्या दुकानात गेल्या की हमखास म्हणतात, "चांगली पिवळीजर्द द्या हो!" घोटाळा होतो तो इथेच.

हळदीत जो रंग असतो त्याला कुरकुमीन म्हणतात. शंभर भागांत तो साधारण दोन ते सहा भागच, पण तेवढ्यावर सगळे कालवण रंगते. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तर हळद फोडणीत घालायची. चुना किंवा साबण लागला की तो लाल होतो, घरचे कुंकू याच गुणावर बनत असे. उन्हात मात्र तो विटतो. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, आणि काचेच्या बरणीतली हळद उजेडात फिकी पडते, ती त्यामुळेच.

म्हणजे खरी हळद कधी जरा मंदही दिसणार. ती 'ताजी' दिसावी म्हणून काही लबाड माणसे मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग किंवा लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चढवतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात पुराने हळद भिजून काळपट झाली, तेव्हा ती खपावी म्हणून हा शिशाचा रंग लावू लागले आणि तीच रीत पडली. २०१९ पासून तिथल्या सरकारने धाडी घातल्या, लोकांना समजावले, तेव्हा कुठे ती मोडली.

तेव्हा शक्यतो दळलेली हळद घेऊ नका, हळकुंडेच घ्या. एक फोडून पाहा. आतून गर्द नारिंगी-पिवळे असावे. आतल्यापेक्षा साल जास्त भडक दिसली तर ते परत करा. दुसरे हळकुंड पेलाभर पाण्यात सोडा. लगेच पिवळा रंग सुटू लागला, तर तो बहुधा वरून चढवलेला. दळून आणायची ती दोन-तीन महिन्यांपुरतीच, आणि ठेवायची घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून लांब.