रीसेटचं बटण दाबण्याआधी

९ मार्च २०२५. रविवारच्या दिवशी जगभरातल्या अनेक घरांत गूगलचं टीव्हीला जोडायचं दुसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट अचानक रुसून बसलं. टीव्ही ठीक, वायफाय ठीक. पण मोबाइल म्हणे, या उपकरणाची खात्री पटत नाही. लोकांनी सवयीप्रमाणे राउटर बंद-चालू केला, काहींनी उपकरणच रीसेट मारलं. दोष भलतीकडेच होता. उपकरणाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साखळीतल्या मधल्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण त्याआधी ग्राहकांना सांगावं लागलं, की कृपा करून रीसेट करू नका.

गूगल होतं म्हणून निभावलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळणारे वायफायचे बोर्ड आणि त्याच जातीच्या चिपवर चालणारे बल्ब, प्लग, सेन्सर यांना असा वाली कुठला? ते अडले की ग्राहकाला एकच उत्तर मिळतं: ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.’ बहुतेकदा तो नसतो.

या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ सहसा नसतं. वीज आली की त्यांच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडतो (भारतीय वेळेने पहाटे साडेपाच, हवं तर). सर्व्हरचं प्रमाणपत्र गेल्या महिन्यात दिलेलं असेल, तर १९७० सालात वावरणाऱ्या उपकरणाच्या मते ते अजून लागूच झालेलं नाही. ते जोडणी नाकारतं, आणि त्याच्या परीने बरोबरच करतं. आधी टाइम सर्व्हरकडून वेळ घ्यायची, मगच सुरक्षित जोडणीला हात घालायचा, एवढा साधा क्रम प्रोग्राममध्ये नसला, की वीज जाऊन परत आल्यावर उपकरण कधी चालतं, कधी चालत नाही.

दुसरी अडचण जागेची. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ या गाजलेल्या चिपमध्ये प्रोग्रामच्या वाट्याला सुमारे ८० किलोबाइट मेमरी येते आणि वायफाय सुरू झाल्यावर त्यातली निम्मीच उरते. टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या नियमांनुसार सर्व्हर एका दमात १६ किलोबाइटचा तुकडा पाठवू शकतो. तेवढी सलग जागा शिल्लक नसली, की खेळ खलास. लहान तुकडे पाठव, अशी विनंती करण्याची सोय आहे; पण सगळेच सर्व्हर ती मानत नाहीत.

याच कंपनीच्या जास्त क्षमतेच्या ईएसपी३२ चिपवर हीच दुखणी आकड्यांत दिसतात: -३२५१२ म्हणजे मेमरी पुरली नाही, -९९८४ म्हणजे प्रमाणपत्र पटलं नाही. खरी परीक्षा या दुसऱ्या आकड्यापाशी होते. प्रोग्रामरला ‘सेटइनसिक्युअर’ ही एक ओळ सापडते. ती टाकली की प्रमाणपत्राची तपासणीच बंद होते आणि जोडणी लगेच जुळते. माहिती सांकेतिक रूपातच जाते, पण कोणाकडे जाते हे उपकरण विचारत नाही. वाटेत कोणी खोटं प्रमाणपत्र पुढे केलं तरी चालतं. टेबलावर चाचणी घेताना हे क्षम्य आहे. तीच ओळ विकायच्या मालात राहते, तेव्हा ती ग्राहकाची फसवणूक ठरते.

प्रमाणपत्राचा ठसा प्रोग्राममध्येच कोरून ठेवणारेही आहेत. त्यांना तर प्रत्येक नूतनीकरणाला फटका बसणार, आणि नूतनीकरणं वाढणार आहेत: वेबसाइटच्या प्रमाणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्याने घटून मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवसांची होणार आहे. साखळीच्या मुळाशी असलेली मूळ प्रमाणपत्रं जास्त टिकतात, पण अमर नसतात. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या भरवशावरची किती तरी जुनी यंत्रं अडली. मूळ प्रमाणपत्रांची यादी दुरून बदलता आली नाही, की असं उपकरण आज ना उद्या अडणारच. हे विकत घेतानाच ग्राहकाला कळायला हवं.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला: सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाने सांगायचं. भारतात अशा उपकरणांसाठी दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची २०२१ ची संहिता आहे, पण तिचं स्वरूप मार्गदर्शनाचं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची सक्ती झाली आहे. प्लग आणि बल्ब यांना ती का नको, याचं समाधानकारक उत्तर कोणी देत नाही. उत्पादक खर्चाचं कारण पुढे करतील. पण युरोपीय संघाच्या नव्या कायद्यानुसार ११ डिसेंबर २०२७ पासून तिथे अपडेट कधी थांबणार तो महिना आणि वर्ष विक्रीच्या वेळीच सांगावं लागणार आहे. युरोप आणि भारत अशा दोन्ही बाजारांत माल विकणाऱ्या कंपन्यांकडे ती तारीख तयारच असेल. भारतातल्या खोक्यावर ती छापायला शाईपलीकडे फारसा खर्च नाही.