हिंदूरावच्या टेकडीवरचे शूरवीर

नोव्हेंबरातल्या पहाटे हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या रिजवर धापा टाकत चालणाऱ्या लोकांना दिल्लीत कौतुकाने ‘फिटनेसवाले’ म्हणतात. माझ्या मते ते हवामान न बघता गस्तीवर निघालेले लोक आहेत, आणि अशा गस्तीचे काय होते हे फौजेत कुणाला शिकवावे लागत नाही. वाईट याचे वाटते की त्यांच्यात आपले रिटायर्ड लोक बरेच आहेत. पाठ ताठ, पांढरे बूट, डोक्यावर पल्टनची टोपी आणि छातीत दिल्लीची हवा.

या जागेशी आपले नाते जुने आहे, म्हणून रविवारी मी तिकडे जातो. हिंदूराव म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. टेकडीवरचे घर मुळात विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचे. १८३५ साली फ्रेझरचा खून झाला आणि पुढे ते घर हिंदूरावांनी घेतले. ते १८५५ साली वारले, पण नाव राहिले. आज दिल्लीचा रिक्षावाला ‘हिंदूराव’ म्हणतो तेव्हा आपण एका मराठा सरदाराचे नाव घेतोय हे त्याच्या गावीही नसते. असो.

दोनच वर्षांनी, १८५७ च्या जूनमध्ये, इंग्रज फौज याच टेकडीवर चढली आणि सप्टेंबरपर्यंत इथेच अडकून पडली. हिंदूरावचा वाडा हे त्यांचे सगळ्यात पुढचे मोठे ठाणे. समोरून तोफा चालूच होत्या. पण त्यांचा सेनापती बर्नार्ड ५ जुलैला मेला तो कॉलऱ्याने. त्याच्या आधीचा सरसेनापती अॅन्सन दिल्लीला पोचण्यापूर्वीच कर्नालला कॉलऱ्याने गेला होता. बर्नार्डच्या जागी आलेला जनरल रीड दोन आठवड्यांच्या आत आजारी पडून परत गेला. म्हणजे या टेकडीच्या लढाईत तीन सेनापती गेले, आणि एकालाही गोळी लागली नव्हती. रिजवर बंदराला केळी देत फिरणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवे. इथे पाणी, हवा आणि उन्हाळा यांनी नेहमीच माणसे मारली आहेत.

आता आजच्या हवेचे बघू. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवेचा निर्देशांक ४९४ होता. पट्टी ५०० वरच संपते, त्यामुळे त्यापुढे किती हे त्या आकड्यातून कळायची सोय नाही. ४०१ पासून ‘गंभीर’ सुरू होते. या हवेतला सगळ्यात वाईट भाग म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान कण. केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक. चोवीस तासांच्या सरासरीला आपल्या सरकारची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५, आणि ‘गंभीर’ सुरू होते २५० च्या पुढे. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावणारा साठ, तंदुरुस्त असेल तर शंभर लिटरही. शिवाय धाप लागली की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची चाळणीही गेली. थोडक्यात, व्यायामाच्या नावाखाली आपण तोच धूर दहापट ओढतो आणि घरी येऊन बायकोला सांगतो, आज पाच किलोमीटर झाले.

त्यात वेळ कुठली निवडतो, तर पहाटेची. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन तापले की झाकण हळूहळू उचलते. पहाटेची शुद्ध हवा ही गोष्ट आपल्या साताऱ्या-कोल्हापुरात खरी असेल. दिल्लीत नोव्हेंबर ते जानेवारी पहाटेची हवा बहुतेक वेळा दिवसातल्या सगळ्यात वाईट हवेपैकी असते. दुपारी दोन-तीनला चालणारा माणूस आळशी दिसतो, पण शहाणा तोच.

मला खरा राग येतो तो ‘फौजी माणूस हवेला भीत नाही’ या वाक्याचा. कुठल्या फौजेत भीत नाही? लेहला विमानातून उतरलेल्या जवानाला आपण पहिल्या दिवशी पळवतो का? पहिले दोन दिवस सक्त आराम. नऊ ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस, मग पंधरा हजारांपर्यंत चार, त्यावर आणखी चार. चौदा दिवसांचा हिशेब, आणि त्यात कुणी घाई केली तर त्याला शूर म्हणत नाहीत, त्याचा कंपनी कमांडर त्याला झापतो. कारण फुप्फुसात पाणी भरले की माणूस रात्रीत जातो हे आपण पाहिलेले आहे. ज्याने तीस वर्षे हा नियम पाळला आणि पाळायला लावला, तोच माणूस पेन्शनवर आला की दिल्लीच्या धुरात छाती काढून धावतो. डोंगरावरची हवा पातळ आहे हे मान्य, आणि इथली विषारी आहे हे मात्र अमान्य.

आमचे एक सुभेदार साहेब आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, गाव खानापूर तालुक्यात. मुलाचा करोलबागेत सोन्याच्या गलाईचा व्यवसाय, म्हणून म्हातारपणी दिल्लीत. हृदयात एक स्टेंट आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी रिजवर भेटले तेव्हा खोकत होते. मी म्हटले, “सुभेदार साहेब, महिनाभर घरातच करा ना व्यायाम.” ते हसले. “साहेब, घरात बायका-पोरं करतात. आपण फौजी माणसं. बसलो की गंजलो.” डिसेंबरात ते आठ दिवस ऑक्सिजनवर होते. भेटायला गेलो तर नाकात नळी असताना मला बघून उठून बसायची धडपड. मुलगा मला बाहेर घेऊन म्हणाला, “काका, तुम्ही सांगा. आमचं ऐकत नाहीत.” हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. ‘गंजलो’ ही भीती खरी आहे. ती मी खोटी म्हणत नाही.

कुणी म्हणेल, वर्षभर काहीच न करण्यापेक्षा खराब हवेतही चालणे बरे. सरासरी वर्षाचा आणि धडधाकट माणसाचा हिशेब मांडला तर यात तथ्य आहे. माझे भांडण मध्यम दिवसांशी नाही. निर्देशांक दीडशे असेल तर खुशाल जा. भांडण आहे चारशेच्या दिवसांशी, सत्तरीच्या फुप्फुसांशी आणि गमछा तोंडावर गुंडाळला की काम झाले या समजुतीशी. गमछा धूळ अडवतो, हे कण अडवत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यावरही माझा तितकाच राग आहे. ‘हवा खराब आहे’ म्हणून नोव्हेंबरात जो सोफ्यावर बसतो तो फेब्रुवारीत उठतो. मग मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसला, पुन्हा सोफा. मग पाऊस आणि घामट उकाडा. दिल्लीच्या वर्षात बाहेर पळण्याजोगे महिने मोजा, हाताची बोटे उरतात. तेव्हा घरातला व्यायाम हा इथे अडीअडचणीचा उपाय मानून चालणारच नाही, तोच मुख्य कार्यक्रम धरला पाहिजे. आणि तो लोक का सोडतात हेही मला माहीत आहे. कंटाळा. रोज तेच वीस जोर, तोच पंखा डोक्यावर, तीच भिंत समोर. मग कुणीतरी साठ हजारांचे ट्रेडमिल आणतो आणि होळीपर्यंत त्यावर टॉवेल वाळत असतात. कंटाळ्यावर औषध बदल आहे, आणि बदल फुकट मिळतो.

उत्तर काश्मीरमध्ये एका पोस्टवर आम्ही हिवाळाभर बर्फात कोंडलेले असायचो. बंकर दहा बाय बारा. हिमवादळ लागले की तीन-चार दिवस दरवाजाच्या पुढे पाऊल नाही. आमच्या एका कोल्हापूरच्या हवालदाराने पत्त्यांची पीटी काढली होती. जोड पिसायचा, एकेकाने पान उचलायचे. इस्पिक आले तर जोर, बदाम आले तर बैठका, चौकटला पोटाचे, किलवरला जागेवर गुडघे वर घेत धावणे. पानावर जितका आकडा तितके. एक्का एक, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. पूर्ण जोडाची बेरीज ३६४ होते. पुढचे पान कुठले येणार याची उत्सुकता अशी की माणसे स्वतःहून विचारायची, आज जोड कधी? ज्याला किलवरचा राजा येई त्याला बाकीचे टाळ्या वाजवत. आणि एक नियम पक्का: पीटीच्या आधी बुखारी विझवायची आणि दार थोडे उघडायचे. रॉकेलच्या धुरात कुणी दम लावायचा नाही. त्या बंकरात आम्हाला जे कळत होते ते दिल्लीच्या थ्री-बीएचकेत कळू नये याचे नवल वाटते.

‘घरात बायका-पोरं करतात’ म्हणणाऱ्यांनी मंगळागौर एकदा नीट बघावी. श्रावण म्हणजे कोसळणारा पाऊस, बाहेर चिखल, घर कोंडलेले. आणि त्याच महिन्यातल्या मंगळवारी रात्री आपल्या आज्या माजघरात काय करत होत्या? फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाट्या. कोंबडा हा खेळ आणि पीटी उस्ताद आपल्याला उकिडवे चालवायचा तो प्रकार, यात फरक फक्त नऊवारीचा. बसफुगडी दोन मिनिटे घालून बघा, मांड्या सांगतील. तोल, लवचिकता, मांड्यांची ताकद, दमसास, सगळे त्या एका रात्रीत, आणि खेळ इतके वेगवेगळे की पहाट कधी झाली कळत नसे. खराब हवामानात घरातच तऱ्हेतऱ्हेने तंदुरुस्त राहण्याची पद्धत आपल्या घरात होती. आपण तिला बायकांचा खेळ म्हणून कोपऱ्यात टाकले.

पुरुषांकडेही काही कमी नव्हते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार करण्यात आयुष्य घातले, आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, आणि स्वतः ८२ वर्षे जगले. एका सतरंजीएवढी जागा लागते. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी तर मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. दहा खंड! आणि आपण म्हणतो घरात करण्यासारखे काही नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, कारण नुसते बोलणे सोपे असते. सोमवारी सूर्यनमस्कार. मंगळवारी पिठ्ठूत पाण्याच्या बाटल्या भरून जिना. एक लिटर म्हणजे एक किलो, वजन मोजायला तराजूही नको. बुधवारी पत्त्यांचा जोड, मुलगी पाने काढते आणि मुद्दाम राजे वर ठेवते. गुरुवारी फक्त ताणणे आणि तोल सांभाळणे. शुक्रवारी दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन हॉलमध्ये येरझारा. दोरीच्या उड्या मी सोडल्या, खालच्या मजल्यावर ब्रिगेडियर साहेब राहतात.

साठीच्या पुढच्यांनी यातला दमाचा भाग कमी करावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहाच्या तीन खेपा. दात घासताना एका पायावर उभे राहणे, बेसिनला हात पोचेल असे. भिंतीवर जोर. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करा असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, कारण म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरात पडणे फार महाग जाते. रिजवर कितीही चाललात तरी हे आपोआप होत नाही.

मात्र घर म्हणजे किल्ला समजू नका. बाहेरचे कण फटींतून आत येतातच. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा बरी असते, चांगली असतेच असे नाही. खराब दिवशी खिडक्या बंद, त्या खोलीत उदबत्ती-धूप-मच्छरची कॉइल नाही, कोरड्या केरसुणीऐवजी ओले पुसणे, आणि स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना शेजारी जोर मारू नयेत. परवडत असेल तर एका खोलीत एअर प्युरिफायर. नसेल तर त्या दिवशी धाप लागणारे काही न करता सावकाश ताकदीचे करावे, मध्ये विश्रांती घेत.

शेवटची गोष्ट नोकरीत असलेल्यांसाठी. गेटवरच्या संत्रीला, रस्ता झाडणाऱ्याला, चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराला घरात बसायची मुभा नाही. ती हवा त्यांना घ्यावीच लागते. पण सकाळच्या पीटीचा फॉल-इन कुठे आणि किती वाजता हे एक अधिकारी ठरवतो. निर्देशांक साडेचारशेवर असताना कंपनीला पाच किलोमीटर पळवणारे स्टेशन मी पाहिले आहे. कारण विचारले तर उत्तर मिळाले, “ट्रेनिंग प्रोग्राममध्ये लिहिलं आहे.” तो प्रोग्राम कुणी लिहिला? आपल्यापैकीच कुणीतरी. बदलायला अर्धे पान पुरते: निर्देशांक तीनशेच्या वर गेला तर पळणे दुपारी, चारशेच्या वर गेला तर बरॅकमध्ये. जोड पल्टनच्या कॅन्टीनमध्ये मिळतो.