मातीवांचून भाजी, पण नोंदीवांचून नको

मातीवांचून, खत विरघळविलेल्या पाण्यावर पालेभाजी पिकविण्याकडे आपल्या वसमत भागांतील कांहीं तरुणांचें लक्ष लागलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय. ही विद्या अगदीं नवी नव्हे. कालिंपाँग येथें शोल्टो डग्लस यांनीं १९४६ सालापासून साध्या साधनांनीं असे प्रयोग केले होते. परंतु अशी भाजी विकतांना “माती नाहीं, म्हणून दोष नाहीं” असें जें सांगितलें जातें, तें अर्धसत्य आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

पालेभाजी पाण्यांतील नत्र गरजेहून अधिक ओढून नायट्रेटच्या रूपानें पानांत सांठविते. पावसाळी आभाळांत किंवा दाट जाळीखालीं ऊन कमी पडलें, कीं हा सांठा वाढतो. शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ३.७ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट पोटांत गेल्यास अपाय नाहीं, असें तज्ज्ञ मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसास २२२ मिलिग्रॅम. किलोमागें २५०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेला पालक १०० ग्रॅम खाल्ला, तर त्यांतच २५० होतात. मोठ्या माणसानें यामुळें घाबरण्याचें कारण नाहीं. पण तान्ह्या मुलांस त्याची बाधा लवकर होते. मातींतल्या भाजींतही नायट्रेट असतें, हें खरें. परंतु येथें त्याची दोरी सर्वस्वी पिकविणाराच्या हातीं आहे, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

उपाय बिनखर्ची आहे. कापणीपूर्वीं तीन-चार दिवस खताचें पाणी काढून साधें पाणी द्यावें, आणि कापणी पहाटे न करितां पिकानें दिवसभर ऊन खाल्ल्यावर सायंकाळीं करावी. या दिवसांत वाढ किंचित् मंदावेल, ती सोसावी. सायंकाळीं कापलेला माल सकाळच्या नांदेडच्या बाजारासही वेळेवर पोंचतो.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. येथें एकच पाणी सर्व मुळांतून फिरतें. एक मूळ कुजलें किंवा एक मळका हात बुडाला, तर दोष साऱ्या पन्हळींत पसरतो. चैत्र-वैशाखांत पाणी तापलें, कीं त्यांतील प्राणवायु घटतो व मुळें कुजूं लागतात. म्हणून टाकी सावलींत व झांकलेली असावी. विहिरीचें पाणी आधींच तपासून घ्यावें. आपल्या देशांत पिण्याच्या पाण्यास लिटरमागें ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे, तीच कसोटी येथें लावावी. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ या दरम्यान राखावा.

हें सर्व एकट्या शेतकऱ्यास जड जातें. यासाठीं आपल्या मंडळानें सामू व क्षार मोजण्याचीं यंत्रें घेऊन सभासदांस पाळीनें द्यावीं, आणि वर्षांतून दोनदां सामायिक खर्चानें भाजीचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. पाणी केव्हां बदललें, खत किती घातलें, कापणी केव्हां केली, याची प्रत्येकानें वही ठेवावी. मीं महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलें. जें कागदावर नाहीं, तें वादाच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं, हें मला पक्कें ठाऊक आहे. उद्यां एखादें मूल आजारी पडून बोट आपल्या भाजीकडे वळलें, तर पाटीवरचा “विषमुक्त” हा शब्द आपणांस तारणार नाहीं; ती वहीच तारील.